आर, आर, आर... आणि खाली एस

बाबा कासारवडवलीच्या घरी बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन ठाण्यातच झालं, नीट झालं. पाचव्या संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला, आणि रात्री बाबा मला काकांच्या नावाने हाका मारू लागले.

सिस्टरनी लघवीच्या नळीला स्पिरिट लावून सिरिंजने सॅम्पल काढलं. मी पिशवीकडे बोट दाखवलं तर म्हणाल्या, "ती साचलेली. तिच्यात भलतंच वाढतं." सॅम्पल गेल्यावरच एक अँटिबायोटिक, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू केलं. ताप उतरेना. मी लॅबच्या खिडकीशी खेटे घालत होतो, पण आधी जंतू वाढायला एक दिवस, मग कोणतं औषध चालतं ते बघायला आणखी एक. तिथे पैसे देऊनही घाई होत नाही.

तिसऱ्या दिवशी कागद हातात पडला. ई. कोलाय नावाचे जंतू, एक मिलिलिटरमध्ये एक लाखाहून जास्त, ईएसबीएल पॉझिटिव्ह. खाली औषधांची यादी, आर म्हणजे चालत नाही, एस म्हणजे चालतं: सिप्रोफ्लॉक्सासिन आर, सेफिक्झाइम आर, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आर. म्हणजे दोन दिवस जे चढवत होतो त्याला हे जंतू दाद देत नव्हते. ते औषध तोडणारं एन्झाइमच, म्हणजे ईएसबीएल, तयार करतात, आणि त्याचं जनुक शेजारच्या जंतूलाही देऊ शकतात.

नायट्रोफ्युरँटॉइनपुढे मात्र एस होतं. मी लगेच म्हटलं, "डॉक्टर, ही स्वस्त गोळी चालतेय की!" ते म्हणाले, ती लघवीत उतरते, रक्तात पुरेशी राहत नाही, ताप-थंडी असताना उपयोग नाही. अमिकासिनही एस, पण ते किडनीला त्रास देऊ शकतं, आणि बाबांचं क्रिएटिनिन आधीच वाढलेलं, म्हणजे किडनी थकलेली. उरलं मेरोपेनेम, शिरेतून, दिवसातून तीनदा. नळी त्याच दिवशी काढली. ती खरंच अजून हवी आहे का, हे इतक्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. रात्री बाबांना उठवावं लागत नव्हतं, मला सोयीचंच होतं.

डॉक्टरांनी विचारलं होतं, आधी अँटिबायोटिक घेतलेत का? मी ठामपणे नाही म्हटलं. घरी आईने कपाटातला बिस्किटांचा डबा पुढे केला. लाल रेघेच्या, म्हणजे अँटिबायोटिकच्या, अर्ध्या-अर्ध्या पट्ट्या, बहुतेक सिप्रो. लघवीला जळजळ झाली की कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून चार गोळ्या, दोन घेऊन बरं वाटलं की बंद. त्यातल्या दोन पट्ट्या मीच आणून दिलेल्या. हे जंतू बाबांच्याच आतड्यातले की वॉर्डातले, ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी डबा घेऊन गेलो आणि त्यांना दाखवला.

गेल्या महिन्यात बाबांना पुन्हा जळजळ. "अरे, ती गोळी आण." मी निर्जंतुक डबी आणली. सॅम्पल दोन तासांत लॅबला पोचायला हवं, आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही. म्हणून बर्फाच्या पिशवीसकट रिक्षात बसलो. दोन दिवसांनी रिपोर्ट आला: काहीच वाढलं नव्हतं.

"मग एवढे पैसे कशाला घालवलेस?" बाबा म्हणाले.