किल्ल्यामागचा चोर

मालवणला पाहुणे येतात ते पाण्याखाली डोकं घालायला. इथलं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं, खाली प्रवाळ आहेत, बंदरावर स्नॉर्केलिंगवाल्यांची रांग असते. होडीत बसून वर बघणारं गिऱ्हाईक विरळाच. माझं पोट त्या विरळ गिऱ्हाइकांवर चालतं. थंडीच्या दिवसांत मी त्यांना बंदर, सिंधुदुर्ग आणि आजूबाजूचे खडक फिरवून पक्षी दाखवते.

जानेवारीतल्या त्या सकाळी पुण्याचे काका-काकू आणि त्यांचा कॅमेरावाला भाचा होता. काकूंच्या पिशवीत शेवेचं भलंमोठं पाकीट. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमागे कुरवांची, म्हणजे सीगलांची, कशी झुंबड उडते ते त्यांनी पाहिलेलं, तोच खेळ इथे करायचा होता. मी नाही म्हटलं. तेलकट शेव पक्ष्यांना बरी नव्हे हे तर झालंच, पण माझं दुखणं वेगळं आहे. खाऊ टाकला की सगळे कुरव होडीच्या मागे लागतात आणि एरवी ते पोट कसं भरतात ते दिसतच नाही. काकू जरा फुगल्या. फुगू देत.

मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा सकाळचा वारा, अजून वाहत होती, पाणी सपाट होतं. सुकती, म्हणजे ओहोटी, लागल्यामुळे पद्मगड किल्ल्याकडचे खडक उघडे पडले होते. त्यांवर सुरय, म्हणजे टर्न हे समुद्रपक्षी, बसलेले, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. तात्यांनी मशीन लांबच बंद केलं. होडी त्यांची, सुकाणू त्यांच्या हातात, आणि बसलेले पक्षी उठवायचे नाहीत हा आमचा जुना करार. दुर्बीण देऊन मी चोची बघायला सांगितल्या. नारिंगी चोच म्हणजे छोटा तुरेवाला सुरय, हिरवट पिवळी म्हणजे मोठा तुरेवाला, आणि काळ्या चोचीचं टोक पिवळ्या रंगात बुडवल्यासारखं दिसलं की सँडविच सुरय. कुरवांची पंचाईत जास्त. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं हिवाळ्यात पांढरंच असतं, लडाख-तिबेटकडे परतायच्या सुमारास ते तपकिरी होऊ लागतं. तोवर पूर्ण वाढलेला पक्षी ओळखायचा तो फिकट डोळ्यावरून आणि पंखाच्या काळ्या टोकातल्या पांढऱ्या ठिपक्यांवरून.

किल्ल्याला वळसा घालून आम्ही समुद्राच्या बाजूला आलो. लांब दांडीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते. इकडे पाण्यावर सुरय सूर मारत होते. आणि एकदम सगळे किंचाळत उधळले.

"तो चोर इलो बघ गो," तात्या म्हणाले. "आता मजा."

मला आधी ससाणाच वाटला. गडद तपकिरी अंग, लांब टोकदार पंख, पंखाच्या टोकाकडे पांढरी चमक. पण ससाणा पक्षी मारतो. हा एका सुरयाच्या मागे लागला तो त्याच्या चोचीतल्या पेडव्यासाठी, त्या छोट्या माशासाठी. सुरय वळला की हाही वळे, पाण्याला पोट घासेपर्यंत खाली, पुन्हा सरळ वर. शेवटी सुरयाने पेडवा सोडला. तो पाण्यात पडायच्या आत चोराने हवेतच टिपला. स्कुआ! उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात घरटी करणारा आणि हिवाळा समुद्रावर काढणारा पक्षी, आणि माझ्या होडीपासून हाकेच्या अंतरावर. इतक्या किनाऱ्यालगत मी तो कधी पाहिला नव्हता.

मग त्याने एका कुरवाला धरलं. कुरवाच्या चोचीत काहीच नव्हतं, पण गिळलेलं होतं. दोन-तीन गिरक्यांत बिचाऱ्याने ते ओकून टाकलं. "शी!" काकू म्हणाल्या, आणि दुर्बीण मात्र सोडेनात. तिसऱ्या वेळी गाठ पडली एका मोठ्या तुरेवाल्या सुरयाशी. तो काही केल्या मासा सोडेना. उलट उडता उडताच त्याने तो गिळला आणि खडकांकडे निघून गेला. काकांनी टाळ्या वाजवल्या.

स्कुआ पाण्यावर बसला, तेव्हा भाच्याने मनसोक्त फोटो काढले. पोमरिन स्कुआ की आर्क्टिक स्कुआ, हा वाद आमचा होडीतच सुरू झाला. पोमरिन भरदार छातीचा, जड उडणारा. हा सडपातळ, म्हणून मी आर्क्टिक म्हटलं. पण हिवाळ्यात शेपटीची लांब पिसं नसताना छातीठोक सांगणं कठीण, तेव्हा नोंद फोटोंसकट पाठवायचं ठरलं.

तात्यांना या वादात काडीचा रस नव्हता. "बांगड्याची धाव आसली काय हो दिसतलोच," ते म्हणाले. लहानपणापासून बघतायत म्हणे. मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाही? "तू इचारलंस खंय?"

तेव्हापासून होडी सोडण्याआधी मी रापणीवर चक्कर मारते आणि काय लागतंय ते विचारते. आकड्यांच्या वहीत पक्ष्यांशेजारी आता माशांचाही रकाना आहे.

दांडीवर उतरलो तेव्हा जाळं ओढून झालं होतं. पेडवे भरपूर, बांगडे थोडे. काकूंनी बांगड्याचा एक वाटा घेतला. भाव तात्यांनी केला आणि तो मला मिळतो त्याहून बराच कमी होता.