धुरावरून ओळखलेलं गाव

आज निकोडेमसला जाऊन आले. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातली ग्रॅहम काउंटी. रस्ते एवढे सरळ की स्टिअरिंग धरायचं ते केवळ सवयीने! ही सगळी १७८५ च्या अमेरिकी जमीनमोजणी कायद्याची करामत: सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी मोजणीतली टाउनशिप, तिचे ३६ चौकोन. डोंगर असो की नदी, पट्टी ठेवून रेघ मारायची.

या चौकोनात १८७७ साली केंटकीहून कृष्णवर्णीय कुटुंबं आली, गुलामीतून सुटलेली. घर बांधायला लाकूड नव्हतं, म्हणून जमिनीतच खोल्या खणल्या. त्यांच्यातल्याच विलियाना हिकमन पुढच्या वर्षी पोचल्या आणि विचारलं, गाव कुठाय? नवऱ्याने जमिनीतून निघणारा धूर दाखवला. बाईंना रडूच कोसळलं. मला तर तिथल्या नुसत्या वाऱ्यानेच रडवलं असतं.

पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी या कुटुंबांना अन्न दिलं. गाव उभं राहिलं, दुकानं आली. मग १८८८ मध्ये रेल्वे सॉलोमन नदीच्या पलीकडून गेली आणि दुकानदार तिच्यामागे.

१९३९ चा चुनखडीच्या दगडाचा टाउनशिप हॉल, म्हणजे गावाचं सभागृह, मात्र आहे. त्याच्या पायरीवर बसून डबा खाल्ला. तासाभरात गाड्या गेल्या दोन.