रात्र तेवढी थंड द्या

२४ मे, भुसावळ

आज पुन्हा पारा ४५ च्या पुढे. कुलरसमोरच्या जागेवरून भांडून झाल्यावर लेकीनं खेळ काढला. समजा हवामान आपल्याच हाती दिलं, तर वर्ष कसं आखायचं?

तिचं उत्तर तयारच होतं. बारा महिने २४ अंश, बंगळूरसारखं, आणि संध्याकाळी एखादी सर. तिकडे नोकरीला लागल्यापासून ती इथं आली की ‘तुम्ही जगता तरी कसे’ अशा नजरेनं बघते. यांनी बारमाही डिसेंबर मागितला. त्यामागे फक्त भरीत आहे: काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी आणि शेतातली पंगत. माणूस पोटानं विचार करतो.

रावेरहून आलेले भाऊजी मात्र गंभीर झाले. १५ च्या खाली नको, ३८ च्या वर नको, वारा बेताचा. कडाक्याची थंडी पडली की केळीला चरका बसतो, वाढच थांबते. मे महिन्यात गरम वारा पानं फाडतो, घड सटकतात. म्हणून बागेभोवती शेवरी लावायची, गजराज गवत लावायचं. मी म्हटलं, हा केळीचा अर्ज झाला, तुमचा सांगा. “माझा वेगळा कुठाय, वहिनी?”

सासूबाई इतका वेळ डोळे मिटून पडल्या होत्या. उन्हाला कात्री लागतेय म्हटल्यावर उठून बसल्या. “काहून? मंग बिबड्या काय फ्रिजात वाळवू?” त्यांचं खरं आहे. ज्वारीचं शिजवलेलं पीठ, त्यात तीळ, लसूण, मिरची; पहाटे उठून ओल्या कापडावर ओल्या हातानं थापायचं. दुपारपर्यंत कडा सुटून वर वळल्या पाहिजेत. ऊन कमी पडलं की पीठ आंबतं, आणि तो वास तळल्यावरही जात नाही. मेचं ऊन आमच्या घरात वर्षभर डब्यात भरून ठेवलेलं असतं.

मला दिवसाच्या उन्हाचं काही वाटत नाही, हे मी आज पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. तापीचं खोरं, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, त्यात मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य थेट डोक्यावर, तापणारच. पण ते ऊन कोरडं असतं. घाम वाळतो, कुलर चालतो, तोंडाला रुमाल बांधून बाजारही होतो. छळते ती रात्र. माहेरचं धाब्याचं घर होतं, हातभर जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचंच छत. दुपारची झळ आत पोचायलाच उशीर व्हायचा. इथं सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि नेमका आपण आडवे झालो की ओकतो. पंखा तीच हवा खाली ढकलतो. संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतल्या तर आधी वाफाच येतात.

तेव्हा माझी मागणी: दिवसा ४५ राहू द्या, रात्री २० करा. आणि जूनचे सुरुवातीचे दिवस कॅलेंडरमधून काढून टाका. पाऊस येत नाही, दमटपणा मात्र येतो. हवा आधीच ओली असल्यावर कुलरचं पाणी उडणार कुठं? नुसता चिकचिकाट.

लेक म्हणाली, दिवसरात्रीत एवढा फरक वाळवंटात पडतो. हवेत बाष्प नाही, आभाळात ढग नाहीत, म्हणून दिवसाची उष्णता रात्री निघून जाते. भाऊजींना आयतं सापडलं: “वहिनी वाळवंट मागू राह्यल्या, अन् मी तिथं केळी लावू!”

मग घासाघीस. मी दिवस ४२ वर आणला, रात्र २४ वर. लेक हसली, “माझाच आकडा ना?” म्हटलं, रात्रीपुरता. सासूबाईंनी ४२ ला मान डोलावली, बिबड्यांना पुरे म्हणाल्या. यांना दोन महिने भरीत कबूल केलं. भाऊजी ३८ वरून हलायला तयार नाहीत.