तुम्ही विचारलंत म्हणून: आरक्षण आहे, मग हे आणखी कशाला?

जानेवारीत मोहोळजवळ एका मळ्यावर हुरडा खायला गेलो होतो. आगटीतून कणसं निघत होती, शेंगाची चटणी फिरत होती, आणि शेजारी बसलेल्या एका निवृत्त प्राचार्यांनी विचारलंच, "मॅडम, आरक्षण आहेच की. मग तुमचा हा वेगळा कार्यक्रम कशाला?" हा प्रश्न मला लग्नात विचारून झालाय, हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये झालाय, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलाय. हातात गरम कणीस असताना लांबचं उत्तर देववत नाही. म्हणून इथे लिहिते.

कार्यक्रम लहान आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या कॉलेजांमधून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची बारा-पंधरा मुलं आम्ही दरवर्षी घेतो. बहुतेकांच्या घरात पदवीपर्यंत पोचलेलं पहिलं माणूस तेच. विडी कामगारांची, यंत्रमागावरच्यांची, कोरडवाहू शेतकऱ्यांची मुलं. त्यांना जैववैद्यकीय संशोधनाची ओळख करून द्यायची, हातात पिपेट (द्रव मोजून उचलायची नळी) द्यायचं, महिन्याला थोडं विद्यावेतन द्यायचं आणि उन्हाळ्यात दोन महिने पुण्या-मुंबईच्या एखाद्या संशोधन संस्थेत पाठवायचं. कल्पना आमची नाही. अमेरिकेत मेरिलँडच्या एका विद्यापीठात 1988 पासून मायरहॉफ स्कॉलर्स नावाचा कार्यक्रम चालतो. विज्ञानात फारशी न दिसणारी कृष्णवर्णीय मुलं संशोधनाकडे यावीत म्हणून तो सुरू झाला. कोविडच्या मॉडर्ना लशीमागच्या संशोधनात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या किझमेकिया कॉर्बेट तिथल्याच. आम्ही त्यांच्याकडून दोन गोष्टी उचलल्या: कोर्स सुरू व्हायच्या आधीची तयारी आणि अभ्यास एकट्याने न करता घोळक्याने करणं. बाकीचं आम्ही चुका करत शिकलो.

आता आरक्षणाचं. आरक्षणामुळे मुलगी वर्गात येते, आणि ते फार मोठं काम आहे, त्याबद्दल माझ्याशी वाद घालू नका. पण संशोधनाच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात शिरायचं तर मेरिट लिस्ट लागत नाही, आरक्षित जागांचा क्रम ठरवणारी बिंदुनामावली लागत नाही. कुणाला तरी मेल लिहावा लागतो. असा मेल लिहिता येतो, लिहिला तर कुणी रागावत नाही, आणि तो डिसेंबरातच लिहायचा असतो, मे महिन्यात नाही, हे घरात कुणीतरी सांगावं लागतं. ज्यांचा मामा शास्त्रज्ञ आहे त्यांना ते जेवताना कळतं. आमच्या मुलांना कळतं तेव्हा जागा भरलेल्या असतात.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट आपण सगळे सांगतो. 1933 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत, अटींवर का होईना प्रवेश मिळवला, पुढे केंब्रिजची पीएच.डी. केली. गोष्ट खरी आहे आणि सांगावीच. पण त्यातली एक ओळ आपण गाळतो. त्यांचे वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. हट्ट त्यांचाच, धैर्य त्यांचंच. पण कोणत्या दारापुढे हट्ट धरायचा हे घरात आधीपासून ठाऊक होतं.

प्राचार्यांचा पुढचा प्रश्न मला पाठ आहे: "पण यात विज्ञानाचा काय फायदा?" याचं उत्तर म्हणून मी मिश्रीची गोष्ट सांगते, आणि त्यात मूर्ख मीच आहे.

विड्या वळणाऱ्या बायकांच्या शरीरात कातडीतून आणि श्वासातून किती निकोटिन जातं, हे पाहायचा एक छोटा प्रकल्प आम्ही घेतला. निकोटिनचं शरीरात कोटिनिन होतं आणि ते दोन-तीन दिवस लघवीत सापडतं. एका गटात सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बायका आणि तुलनेला त्याच गल्ल्यांमधल्या, विडीचं काम न करणाऱ्या बायका. एथिक्स कमिटीची परवानगी घेतली, प्रश्नावली मी स्वतः लिहिली. नमुने गोळा करताना सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा आली आणि काम पंधरा दिवस बसलं, ते सोडा. निकाल आले तर विडीचं काम न करणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणींच्या लघवीत कोटिनिन भरपूर. मी तपासणीचं किट बदलायला निघाले. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून दोन मुलांना बोललेही.

तिसऱ्या दिवशी कार्यक्रमातली एक मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली. घरी तेलुगू बोलणारी, आई विड्या वळते. प्रश्नावलीचा कागद तिच्या हातात होता.

"मॅडम, यात मिश्री विचारलीच नाही."

"तंबाखूचं सेवन विचारलंय की."

"मिश्रीला कुणी सेवन म्हणत नाही मॅडम. ती लावतात. दात घासतात."

कागदावर माझा प्रश्न होता: 'आपण तंबाखूचे सेवन करता काय?' बायकांनी प्रामाणिकपणे 'नाही' सांगितलं होतं. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखूच, पण ती सकाळी दाताला लावायची, पुन्हा दुपारी, आणि काम संपल्यावर एकदा. ते सेवन कसलं? मी सोलापुरात वाढलेय. माझी आजी मिश्री लावायची. तरी कागदावर लिहायला बसले आणि मला ती आठवली नाही. त्या मुलीने प्रश्न तीन तुकड्यांत लिहिला, तेलुगूतही केला, आणि आम्ही पुन्हा दारोदार फिरलो. ते काम त्या प्रकल्पातलं सगळ्यात चांगलं काम होतं.

पाहुणे येतात आणि त्या मुलीला पिपेट वापरताना बघून म्हणतात, "विड्या वळून बोटं कशी चपळ झालीत!" मला याचा राग येतो. पिपेट ती इतरांसारखीच शिकली, चार दिवस, अंगठा दुखवून घेत. तिच्याकडे बोटांपेक्षा महत्त्वाचं काहीतरी होतं, आणि ते दिसायला पाहुण्यांना थोडं थांबावं लागलं असतं.

पालकांचं वेगळंच. त्यांचा प्रश्न साधा असतो: खायचं काय? एका वडिलांना मी सांगितलं की नेट परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये मिळतात. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "म्हंजी शिकायला पगार देत्यात?" मग म्हणाले, "आन् न्हाई मिळाली तर?" यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. जेआरएफ थोड्यांनाच मिळते, आणि मिळाल्यावरही पैसे वेळेवर येतीलच असं नाही. मी तसंच सांगितलं. मुलीला त्यांनी पाठवलं, पण डी.एड.चा फॉर्मही भरून ठेवला. मला ते शहाणपणाचं वाटलं.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच वर्षी झाली. उन्हाळ्यासाठी मुलं निवडली, संस्था ठरल्या, पत्रं आली. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च आम्ही देणार होतो, पण माझ्या फॉर्मवर लिहिलं होतं: पावत्या जोडल्यावर परतफेड. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तीन मुलांच्या आज्या एकदम आजारी पडल्या. जाता येणार नाही, असं ती मुलं म्हणाली. मला मुलांचा रागच आला. इतकी खटपट करून जागा मिळवायच्या आणि यांना घर सुटत नाही! ऑगस्टमध्ये त्यांच्या एका मित्राकडून कळलं की हॉस्टेलची अनामत आणि मेसचा पहिला महिना आगाऊ भरायचा होता. तेवढे पैसे घरात नव्हते, आणि तसं मला सांगायची लाज होती. आजी सांगायला सोपी.

आता पैसे आधी जातात. खात्यावर जमा झाल्याचा मेसेज आला की मूल तिकीट काढतं. यासाठी लेखा विभागात किती खेटे घातले ते लिहीत नाही. ज्यांनी विद्यापीठात काम केलंय त्यांना कळेल.

त्या तिघांतली एक मुलगी पुढच्या वर्षी गेली. एकाने बँकेची परीक्षा दिली. तिसरा मंगळवेढ्याचा, माझ्या मते त्या बॅचमधला सगळ्यात हुशार, तो औषध कंपनीचा एमआर झालाय. दर दिवाळीला त्याचा फोन येतो, प्रयोगशाळेत नवं काय घेतलं ते बारकाईने विचारतो. आजीचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.