आईंचं जुनेर आणि माळ्यावरचे बूट

डिसेंबरमध्ये मनालीला जाऊन आलो. ट्रिप सहा दिवसांची, पण "घालायचं काय" हा विषय घरात दिवाळीच्या फराळाबरोबर सुरू झाला तो पार विमानतळावरच्या वजनकाट्यापर्यंत पुरला. आता एकदाचं लिहूनच काढते, म्हणजे पुढच्या वेळी भांडताना दाखवायला माझ्याकडे काहीतरी लेखी राहील.

तर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एक मी. ट्रिप म्हटलं की चार नवीन कपडे घेतल्याशिवाय मला सुट्टी लागल्यासारखंच वाटत नाही. दुसरा पक्ष नवरा, त्याचं सगळ्याला एकच उत्तर, "आहे की घरात." जॅकेट? आहे की घरात. हातमोजे? आहेत की. बूट? अगं माळ्यावर आहेत ना ट्रेकचे, कसले भारी आहेत, दोनदाच घातलेत. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, कुठल्याच पक्षात नाहीत. त्या आपल्या बघत असतात आणि मधूनच विचारतात, "थंडी किती असते गं तिकडे?" चौथ्यांदा.

मला हे नवीन कपड्यांचं वेड का आहे ते मला माहितीये. लहानपणी आमचं फिरायला जाणं म्हणजे मे महिन्यात गावाला, राजापूरच्या बाजूला, आणि गावाला न्यायचे कपडे म्हणजे घरातले सगळ्यात जुने. माझी आई पलंगावर दोन ढीग करायची, हे लग्नाकार्याचे आणि हे गावाचे, गावाच्या ढिगात गळ्याला सैल झालेले टीशर्ट, उसवून परत शिवलेले फ्रॉक असा सगळा माल. तिचंही बरोबर होतं म्हणा. काजूच्या बोंडूचा रस सांडला की त्या वेळी काही दिसत नाही, धुतल्यावर तपकिरी डाग वर येतो आणि मग फ्रॉक फाटेपर्यंत तो काही जात नाही. फणसाचा चीक हाताचा खोबरेल तेलाने निघतो, कपड्याला लागला की झालं. शिवाय जांभ्याची लाल माती. पण व्हायचं काय, आम्ही ते असले कपडे घालून एसटीतून उतरायचो, आणि शहरातून पाहुणे येणार म्हणून आमच्या चुलत बहिणी त्यांचे ठेवणीतले फ्रॉक घालून, वेणीला रिबिनी बांधून वाटेवर उभ्या! ती लाज माझ्या मनातून अजून गेलेली नाही. त्यामुळे मी आता कमावते आणि ट्रिपला नवीन कपडे घेते, विषय संपला.

(नवऱ्याला हे सांगितलं तर म्हणतो, "मग राजापूरला जाताना घे नवीन, मनालीत कोण ओळखतं तुला." त्याला मुद्दाच कळत नाही.)

तर खरेदी. पुण्याची थंडी म्हणजे सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा, त्यामुळे इथे दुकानात जे काही "विंटर" म्हणून लावलेलं असतं ते बर्फात चालेल का हे दुकानदारालाही माहीत नसतं, तो सगळ्यालाच "एकदम चालेल ताई" म्हणतो. दोन रविवार लक्ष्मी रोड, मग रात्री झोपायच्या आधी मोबाईलवर कार्ट भरणं, सकाळी अर्ध रिकामं करणं. शेवटी घेतलं काय, तर माझ्यासाठी मरून रंगाचं फुगीर जॅकेट, एक पांढराशुभ्र स्वेटर (फक्त फोटोसाठी, कबूल), घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, सगळ्यांना आतून घालायचे थर्मल, माझे लाल. लेकीला गुलाबी जॅकेट. ते आपल्या रीतीप्रमाणे वाढत्या अंगाचं घेतलं, दोन वर्षं तरी चालायला नको का. त्याच्या बाह्या तिच्या बोटांच्या खाली लोंबत होत्या आणि खालून गार वारा थेट छातीपर्यंत जायला मस्त वाट होती हे मला मनालीजवळ सोलंगला, बर्फात, कळलं. थंडीचे कपडे मापाचेच घ्यावेत हो, अंगाजवळची गरम हवा धरून ठेवायची एवढंच त्यांचं काम असतं, आणि आपण वाढत्या अंगाच्या नादात तीच बाहेर सोडतो.

नवऱ्याची खरेदी शून्य. त्याने माळ्यावरून बॅग काढली, त्यातून डांबरगोळ्यांच्या वासाचा स्वेटर निघाला, त्याला कोपरापाशी कसर लागलेली. आणि ते बूट. खोक्यात, कागदात गुंडाळून, अगदी कालच आणल्यासारखे. मला टोचून दाखवायला त्याने ते टेबलावर ठेवले आणि फोटोपण काढला.

आणि बॅगा भरताना आई एक जुनेर घेऊन आल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जुनेर म्हणजे वापरून वापरून पार मऊ झालेली सुती साडी. नेसायच्या लायकीची राहिलेली नसते आणि टाकवत तर अजिबात नाही, तिची गोधडी होते, बाळाची दुपटी होतात. आईंचं हे जुनेर शेवाळी रंगाचं, बारीक लाल काठाचं, माझी लेक जन्मली तेव्हा तिला आधी ह्याच्याच अर्ध्या तुकड्यात गुंडाळलं होतं, हे उरलेलं अर्धं. मी म्हटलं, "आई, हॉटेलात चादरी, टॉवेल सगळं असतं, आपल्याला वजन बघायचंय." विमानात माणशी १५ किलो बॅगेत आणि ७ किलो हातात, आणि माझी एकटीचीच बॅग १८ दाखवत होती. आई म्हणाल्या, "असू दे गं, लागतं." आणि ते घडी करून स्वतःच्या पर्समध्ये कोंबलं.

वजनाचं शेवटी असं जमवलं की जे जड ते अंगावर घालायचं. त्यामुळे पुणे विमानतळावर आम्ही चौघं अशा अवतारात उभे की जणू तिथूनच बर्फ सुरू होतो, मला घामाच्या धारा, आणि शेजारी एक हाफपँटमधला माणूस माझ्याकडे बघत आइस्क्रीम खात होता.

चंदीगडहून मनाली साधारण ३०० किलोमीटर, वळणावळणाचा रस्ता, लेकीला दोनदा उलटी. तिथे पहिल्यांदा जुनेर बाहेर आलं. मग उन्हाच्या बाजूच्या काचेला पडदा म्हणून. मग आईंच्या मांडीवर उशी म्हणून. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सोलंग. माझं मरून जॅकेट, मॅचिंग टोपी, लिपस्टिक, सगळं जमलेलं. ड्रायव्हरने काही न विचारता गाडी रस्त्याकडेच्या एका दुकानासमोर उभी केली. मनालीहून सोलंगला जाताना अशी दुकानं ओळीने आहेत, नंबर घातलेली, बर्फाचे सूट आणि गमबूट भाड्याने देणारी. दुकानातल्या बाईने माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि एक निळा-केशरी सूट पुढे केला, अख्खाच्या अख्खा, पायापासून गळ्यापर्यंत एकच चेन, आधीच्या पाचशे लोकांचा वास असलेला. मी म्हटलं मेरा जॅकेट है. ती म्हणाली, "वो अंदर रहेगा मॅडम."

आणि खरंच आत राहिलं. सोलंगच्या सगळ्या फोटोंत मी केशरी आहे. गळ्यापाशी दोन बोटं मरून रंग दिसतो, झूम केलं तर. बरं त्या बाईचं चुकलं का, तर नाही. आमच्या शेजारी एक ग्रुप सूट नको म्हणून जीन्सवर गेला होता, अर्ध्या तासात जीन्स ओल्या होऊन पत्र्यासारख्या कडक, बिचारे चहाच्या टपरीपाशी पाय चोळत बसले. सुती कापड एकदा भिजलं की ऊब तर जातेच, वर ते अंगातली उष्णता ओढून घेतं. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते. म्हणून नवऱ्याचा तो कसर लागलेला, डांबरगोळीवाला स्वेटर सूटच्या आत व्यवस्थित काम करत होता, आणि तो ते मला दर दहा मिनिटांनी सांगत होता.

बाकी माझ्या नवीन कपड्यांची कहाणी थोडक्यात. पांढरा स्वेटर मॉल रोडवर मोमोच्या लाल चटणीने पहिल्या पाच मिनिटांत संपला. लाल थर्मल मी हॉटेलच्या बादलीत नवऱ्याच्या बनियनबरोबर भिजवलं, बनियन गुलाबी झाले (नवीन कपडा घरी एकदा वेगळा धुवून मगच न्यायचा असतो हे मला माहीत आहे, सांगू नका), आणि डिसेंबरात तिथे काही वाळत नाही, म्हणून ते गुलाबी बनियन दोन दिवस हीटरसमोर खुर्चीवर. नवीन बूट पहिल्याच दिवशी चावले, दोन्ही टाचांना फोड. मग सहा दिवस मी खरं घातलं काय? तर सकाळी लेकीला स्कूलबसला सोडायला जाताना घालते तो करडा फ्लीस, लोकरीसारख्या मऊ कापडाचं साधं जॅकेट. तो मी बॅगेत धरलासुद्धा नव्हता, विमानात थंडी वाजेल म्हणून खांद्यावर टाकला होता.

एवढं सगळं झाल्यावर नवरा जिंकला असं तुम्हाला वाटेल. त्यालाही वाटत होतं.

चौथ्या दिवशी हिडिंबा मंदिर. भीमाची हिडिंबा, तिचंच. देवदारांच्या गर्द झाडीत लाकडी मंदिर, १५५३ सालचं, एकावर एक उतरती छपरं, जरा आडबाजूला गेलं तर खूप शांत. बाहेर ते हिमाचली पोशाख भाड्याने देऊन फोटो काढणारे आणि पांढरे गुबगुबीत ससे हातात द्यायला येणाऱ्या बायका. म्हणजे इथेही भाड्याचेच कपडे! लेकीने तो लाल पट्टू घालून सशाबरोबर फोटो काढला, अख्ख्या ट्रिपचा तोच सगळ्यात चांगला फोटो, त्यात आमचं स्वतःचं फक्त लेक आहे.

तर दर्शनाला बूट काढले. फरशी अशी गार की दोन मोज्यांतून कळा येत होत्या. बाहेर आलो, नवऱ्याने बूट पायात घातला, पाय उचलला, आणि बूट वर आला पण सोल खालीच राहिला. अख्खा. टाचेपासून बोटांपर्यंत, नीट पावलाच्या आकारात, बर्फावर. मधला फोम सगळा भुगा झाला होता, चिवड्यातल्या चुऱ्यासारखा. नवरा एका पायावर उभा राहून त्या सोलकडे असा बघत होता की मला हसूसुद्धा येईना. म्हणजे आलं, पण जरा वेळाने.

तेव्हा आईंनी पर्स उघडली. जुनेर काढलं, काठाकडून दात लावला आणि टर्रकन एक पट्टी फाडली. मी म्हटलं, "अहो आई, ते कशाला फाडताय!" तर म्हणाल्या, "द्रौपदीने पीतांबर फाडला, हे तर जुनेर आहे." आणि त्या पंचाहत्तरीच्या बाईने खाली बसून लेकाचा बूट बांधून दिला, सोल खालून, वरून दोन वेढे, घोट्यापाशी निरगाठ. लाल काठ बरोबर वर आला. तसा तो देवदारांतून चालत टॅक्सीपर्यंत गेला आणि सशावाल्या बायका ससे सोडून त्याच्याकडे बघत होत्या.

पुण्याला आल्यावर कोपऱ्यावरच्या चप्पलवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, हे नेहमीचंच आहे, ठेवलेलेच बूट जातात, वापरातले नाही. मग वाचलं, तर खरंच आहे. तो सोल पॉलियुरेथेनचा असतो, हवेतल्या दमटपणाने तो आतल्या आत सुटत जातो, आणि बंद खोक्यात, कधी वारा नाही, कधी पायाचा दाब नाही, अशा बुटांचं तर जास्तच. वरून चामडं चकचकीत, आत भुगा. जुन्या रेनकोटचं, पोहण्याच्या कपड्यांतल्या इलॅस्टिकचंही असंच होतं, आपण आहे की घरात म्हणतो आणि ताणायला गेलो की ते हातात येतं. म्हणजे त्याचे बूट जुने नव्हतेच, नुसते शिळे होते, आणि माझे बूट कोरे. चावायचं आणि तुटायचं दोन्ही काम त्यांनी वाटून घेतलं. रुळलेलं म्हणावं असं आमच्या चार बॅगांत मोजून दोन वस्तू होत्या, माझा फ्लीस आणि आईंचं जुनेर, आणि त्यातली एकही मी पॅक केलेली नव्हती.

तर मनालीत, सोल निघाला त्याच संध्याकाळी, त्याने मॉल रोडवर नवीन बूट घेतले, तासभर घासाघीस करून. तेही चावले. पाचव्या दिवशी अटल टनेलमधून सिस्सूला गेलो, ९ किलोमीटरचा बोगदा, इकडून शिरताना रस्त्यावर ऊन आणि तिकडे बाहेर पडलं की सगळं पांढरं, लाहौलचं खोरं. ड्रायव्हर सांगत होता की २०२० मध्ये हा चालू होण्याआधी हिवाळ्यात रोहतांगच्या खिंडीत बर्फ पडलं की पलीकडच्या लोकांचा मनालीशी रस्ताच बंद. आम्ही दोघं तिथे टाचांना बँडेड लावून लंगडत होतो आणि आई कानटोपीवरून जुनेर गुंडाळून, हात मागे बांधून, एकट्याच पुढे चालल्या होत्या.

आल्यावर आईंनी जुनेर हाताने धुतलं, फाटलेल्या कडेला धावदोरा घातला आणि परत कपाटात ठेवलं. माझं मरून जॅकेट ड्रायक्लीनला दिलंय, पुण्यात ते कुठे घालायचं देव जाणे. आणि काल माळ्यावर पंख्याचं खोकं ठेवायला गेले तर तिथे एक बूट. एकच. कागदात नीट गुंडाळलेला. सोळाशे किलोमीटरवरून, त्या १५ किलोंत बसवून, परत आणलेला.

मी विचारलं हे काय, तर म्हणाला, "अगं ह्याचा सोल चांगला आहे की अजून."