चिमणीने लावलेलं ग्रहण

सूर्य कागदावर पाडायच्या माझ्या भोकवाल्या नळीबद्दल मागच्या नोंदीत "भोक अजून बारीक करून बघतो" असं लिहिलं होतं. शब्द मागे घेतो. सगळे रविवार त्या सुईने खाल्ले.

नळी तीच. यंत्रमागवाल्याकडच्या कापडाच्या ताग्याच्या दोन पुठ्ठ्याच्या नळ्या जोडून 3 मीटर ("तोफ काय ओ मालक ही?"). टोकाच्या ट्रेसिंग पेपरवर सूर्य 28 मिमीचा येतो, पण कड फिसकटलेली, टीपकागदावर शाई पडल्यासारखी. भोक 1 मिमी केलं, मग 0.5. आणखी फिसकटली. आधी जोडाला शिव्या दिल्या, मग पुठ्ठा वाकतोय म्हणून बांबू बांधला, मग गच्चीच्या झळांवर खापर फोडलं. शेवटी वही काढली. भोक लहान तितकं विवर्तन (भोकाच्या कडेशी प्रकाश वळून पसरणं) जास्त: 3 मीटरवर 0.5 मिमीच्या भोकाचा ठिपका 8 मिमीपर्यंत पसरतो! 2 मिमीला ठिपकाही 2 मिमीच. म्हणजे थांबायचं तिथेच.

थंड पेयाच्या डब्याचा पत्रा, 2 मिमीचं ड्रिल, वर पॉलिश पेपर. ऑनलाइन मागवलेल्या तयार संचातल्या पुठ्ठ्याच्या भोकाला मिशा होत्या, त्या नादी लागू नका.

पण अख्ख्या गोल सूर्यावरून फरक कळेना. परवा संध्याकाळी सूर्य बंद गिरणीच्या चिमणीमागे सरकला आणि कागदावर चिमणी वरून उलटी लोंबत आली, दोन्ही कडा सुरीने कापल्यासारख्या! घाईने 0.5 चा पत्रा लावला, तर नुसता धूसर डाग. 25 ऑक्टोबर 2022 च्या खंडग्रास ग्रहणात मावळत्या सूर्याचा लचका सुजल्यासारखा का दिसला होता, ते आता कळलं.

2 ऑगस्ट 2027 ला दुपारनंतरच्या खंडग्रासासाठी हीच नळी पक्की, असं लिहिणार होतो. पण लिहिता लिहिता सुचलं: आरशाच्या तुकड्यावर 4 मिमीचं भोक पाडलेला काळा कागद लावून कवडसा 12 मीटरवरच्या अंधाऱ्या भिंतीवर टाकला, तर सूर्य 11 सेंमीचा! सगळं घर एकदम बघेल. आणि गच्चीच कशाला, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला जाऊ. 22 जानेवारी 1898 चं खग्रास पुण्याहून आलेले खगोलशास्त्रज्ञ नायगमवाला आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांनी तिथूनच टिपलं होतं. ढगांचं काय ते तेव्हा बघू, सोमवारची रजा मात्र आधी टाकायला हवी.

आरसा आईच्या पावडरच्या डबीतला हवाय. ती देत नाही. अवस, त्यात सोमवती, त्यात ग्रहण, आणि तू माझा आरसा उन्हात धरणार, म्हणते.