झेंडा बघ, पाठ नको बघू

वारीला निघाले तेव्हा दिवे घाटाची भीती सगळ्यांनी घातली होती. घाट जमला. जमेना ते पहाटे साडेतीनला, भवानी पेठेजवळच्या शाळेत बाकावर बसून ब्लाउजचे हुक लावणं.

नऊ वर्षं झाली मला आमवात होऊन, डॉक्टरांच्या भाषेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. लोक म्हणतात, गुडघेदुखी ना, आम्हालाही आहे. नाही हो. झिजेचा गुडघा चालून दुखतो आणि बसलं की निवतो. माझं बसलं की आखडतं. आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर उठते, आणि तो दाह पहाटे जोरात असतो. उठल्यावर तास-दीड तास बोटं लाकडाची. त्यावर आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे औषध घेते. डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली ती पुणे ते जेजुरी एवढीच.

हडपसरच्या अलीकडे दिंडी अचानक थांबली. मी पाहिलं, मला कळलंही, तरी पाय आणखी दोन पावलं गेले आणि मी पुढच्या बाईंवर आदळले. त्यांच्या डोक्यावरची तुळस कलंडली, ओली माती माझ्या खांद्यावर. "माउली, माउली" म्हणत त्याच माझ्या पाया पडल्या. मला उलट वाकताही येईना.

हे नवं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी स्कूटर विकली ती याचसाठी. ब्रेक दाबायचा हे डोक्याला वेळेवर कळायचं, मूठ वळायची उशिरा. सुजलेल्या गुडघ्यात पाणी भरलं की मांडीचा स्नायू पूर्ण जोर लावत नाही. शरीरच त्याला आवरून धरतं. पाऊल नेमकं कुठे पडलंय याचा अंदाजही सांध्यातूनच येतो, तोही ढिला होतो. वर दुखणं अर्धं लक्ष खातं. टाळ्यांचंही तेच. 'ज्ञानोबा-तुकाराम'ला अख्ख्या रांगेची टाळी एकदम पडायची, माझी मागून, एकटीच.

शेजारच्या परभणीकडच्या आजी हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "पुढचीची पाठ नको बघू माय, झेंडा बघ. झेंडा आधी थांबतो."

इतकी साधी गोष्ट! झेंडेकरी दिंडीच्या तोंडाशी. ते थांबले की थांबा आमच्या रांगेपर्यंत यायला दोन-तीन क्षण लागतात, आणि मला तेवढेच हवे होते. त्यानंतर मी कुणावर आदळले नाही. मान मात्र दिवसभर वर, त्यामुळे एका शेणात पाय गेला तो गेलाच.

घाटापर्यंत अंग मोकळं झालं होतं. माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या, पावसाची भुरभुर लागली आणि मी न थांबता चढले. धडधाकट माणसं कठड्यावर बसलेली बघून जरा बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

तीसेक किलोमीटर चालून सासवड. तिथे दोन रात्री मुक्काम, मधला दिवस सगळे पाय पसरून लोळले. मीही लोळले, आणि तिथेच चुकले. जेजुरीच्या पहाटे उठले तर हातात चहाचा पेला धरवेना. आजींनी पेला काढून घेतला, चहा तांब्यात ओतला आणि तो माझ्या दोन्ही तळव्यांत ठेवला.

"काल बसून होतीस ना दिवसभर?" त्या म्हणाल्या, आणि न विचारता माझे हुक लावायला लागल्या.